मोरीचा मान

गोरव्याच्या शेडमधली ती मोरी तुम्ही पाहिली नाहीत, हे तुमचं नशीब. मी पाहिली. नुसती पाहिली असती तरी चाललं असतं, पण ते पुढे सांगते. तिच्या वासानं एकदा भिंतीवरची पाल बेशुद्ध होऊन खाली पडली होती. मी स्वतः कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला तेव्हा कुठे ती शुद्धीवर आली, आणि आल्या आल्या शेड सोडून गेली. पालीला कळलं, माणसांना नाही.

शेड आमचीच, बडोद्याच्या गोरवा भागातली, कारखान्याची. आमचे हे, सुभानराव, तिथे व्हॉल्व्हची झाकणं करायचे. ते गेल्यावर कुलूप लागलं आणि आत कबुतरांचं राज्य आलं. तीही इतकी माजली की पंखा लावला तरी उडायची नाहीत, पात्यावर बसून गोल गोल फिरायची. खाली जे पडायचं ते चहूबाजूंना सारखं पडायचं.

ही शेड हवी होती माझ्या नातीला, अस्मिताला. माझ्या प्रतापसिंहाची मुलगी. पुण्याची चांगली नोकरी सोडून बडोद्याला परत आली आणि लाकडाची खेळणी करायला लागली. भोवरे, खुळखुळे, बैलगाड्या. त्यासाठी खराद घेतला. लाकडाचा तुकडा अडकवायचा, तो गरगर फिरतो, त्याला पटाशी लावायची की गोल गोल कातला जातो. पोरीचा हात असा की बघत राहावं. पण आम्ही राहतो हरणीला, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये. खराद बाल्कनीत ठेवला, आणि त्याचा भुसा उडून खालच्या सेक्रेटरीच्या बायकोच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसला. सेक्रेटरी वर आला. "बा, आ मशीन रेशे के अमे रेशूं?" म्हणाला, म्हणजे एकतर मशीन राहील नाहीतर आम्ही. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा मशीन कमी आवाज करतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. मशीन बंद पडलं, त्याच्यावर चादर आली. पोरगी रोज सकाळी चादरीचा कोपरा उचलायची, तेलाचे दोन थेंब सोडायची, परत झाकायची. घरात प्रेत ठेवल्यासारखं वाटायचं मला.

मग तिच्या डोक्यात आलं, आजोबांची शेड पडूनच आहे. एकटीला झेपायची नाही, विजेचं बिल आहे, पत्रे गळतायत. तर सगळ्यांनी मिळून चालवायची. ज्याला हातानं काही करायचंय त्यानं आपली हत्यारं आणावीत, शेजारीपाजारी बसून काम करावं, आसपासच्या लोकांनी येऊन शिकावं. सहियारी कार्यशाळा. मला आवडलं. प्रतापसिंहही हो म्हणाला, तोंड वाकडं करून का होईना. खराद टेम्पोत घालून गोरव्याला नेला, विटांवर ठेवला. आता फक्त ठरवायचं राहिलं होतं.

ठरवायचं! या शब्दाचीच मला आता शिसारी येते.

ठरवायला मंडळी जमली ती अशी. एक श्रीपतराव, यांचे मित्र, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. मला वहिनी म्हणतात. त्यांचे पूर्वज संस्थानच्या दप्तरात मोठे अधिकारी, त्यामुळे शिंक आली तरी आधी मसुदा करतात. ते जुनी पुस्तकं बांधतात, खळ शिजवून. दुसरे फत्तेसिंहराव. धंदा विम्याचा, मिशा घोडदळाच्या. जुन्या तलवारी, पितळेची भांडी घासून-पुसून नवी करतात आणि गालात कायम तंबाखूचा मावा. मी त्यांची काकीसाहेब. तिसऱ्या कमळाबाई, कापड रंगवून गोधड्या शिवतात. आणि त्यांचा नातू विहंग. त्याच्याकडे प्लॅस्टिकची दोरी वितळवून वस्तू छापायचं मशीन आहे. काय छापतो? फोन ठेवायचे स्टँड. घरात चार फोन नि अकरा स्टँड.

पहिल्या मीटिंगला श्रीपतरावांनी कार्यशाळेची घटना लिहून आणली आणि सगळ्यांनी मिळून नाव ठरवलं. ठरलं नाही. दुसऱ्या मीटिंगला भिंतीचा रंग. विहंग म्हणाला, "आजी, व्हाइब यायला पाहिजे." मी म्हटलं, वास आलाय, तेवढं पुरे. तिसऱ्या मीटिंगला उद्घाटनाच्या दिवशी कोण कुठे बसणार. फत्तेसिंहराव म्हणाले, "आमच्या पणजोबांना दरबारात डावीकडची पहिली बैठक होती."

श्रीपतराव म्हणाले, "होती ना. आणि ते काय बोलले ते आमचे आजोबा उजवीकडे बसून लिहून घ्यायचे. निम्म्या वेळा दुरुस्त करून."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणायचं काही नाही. उजवी बाजू वरची असते एवढंच."

फाटक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हो त्या! एकीचा पाय मोडलेला, तिला वीट लावलेली. त्या खुर्च्यांवरून दरबार भरला होता. खडूनं जमिनीवर चौकोन आखून नावं घातली. कबुतरांनी वरून सह्या केल्या.

मी मध्येच विचारलं, "आणि मोरीचं काय?"

"काकीसाहेब," फत्तेसिंहराव हात जोडून म्हणाले, "ते बारीकसारीक नंतर."

आता हे बारीकसारीक म्हणजे काय ते ऐका. शेडमध्ये पाण्याचा नळ एकच, त्याच्याखाली मोरी एकच. मीटिंग चालू, तसं प्रत्येकाचं कामही चालू. श्रीपतराव उरलेली खळ मोरीत ओतायचे, ती तिथे आंबायची, तिच्यावर साय यायची, सायीवर बुरशी. कमळाबाई रंगाचे बोळे पिळायच्या आणि बोळे तिथेच टाकायच्या. फत्तेसिंहराव भांड्यांवर चोळलेली चिंच धुवायचे आणि वर पिचकारी मारायचे, भिंतीला धरून, म्हणजे जणू नक्षी. विहंग वाटीतली उरलेली सेव-उसळ पालथी करायचा. तर्रीचा लाल थर, त्यात वाटाणे तरंगतायत, वाटाण्यांना मोड आलेले. आणि त्याच नळाखाली सगळे हात धुऊन, तेच ओले हात झटकत, लीलो चिवडो खायला यायचे. एका ताटलीतून. मी हात लावायची नाही. माझा उपास आहे म्हणून सांगायची. त्या दिवसांत मी इतके उपास केले की देवांना वाटलं असेल म्हातारी काहीतरी मोठं मागणार आहे.

शेवटी मोरी तुंबली. तुंबायचीच होती. पाणी उलटं येऊन शेडभर पसरलं. खरादाच्या विटा पाण्यात. ओल्या जमिनीवर मोटर लावायची कशी? मशीन पुन्हा चादरीखाली. नेमका त्याच दिवशी प्रतापसिंह बघायला आला, नवे बूट घालून. पाऊल टाकलं आणि फच्चकन आवाज आला. बुटावर मोड आलेला वाटाणा चिकटला.

तो कधी आवाज चढवत नाही. हळूच म्हणाला, "अस्मी, दसऱ्याला येतो. जमीन कोरडी दिसली आणि मशीन चालू दिसलं तर शेड तुझी. नाहीतर प्लॅस्टिकचा भंगारवाला मागतोय, त्याला चावी देतो. आणि तू पुण्याला फोन कर, जागा अजून रिकामी आहे म्हणतात."

"बाबा, सगळे मिळून करतोय आम्ही."

"दिसतंय," तो म्हणाला, आणि बूट झटकत गेला.

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मोरीचा विषय निघाला. निघाला म्हणजे श्रीपतरावांनी तो शेवटून दुसरा घेतला. कमळाबाई आवाज खाली करून म्हणाल्या, "त्या लोकांपैकी कुणालातरी बोलवा ना." त्या लोकांपैकी! ओठ असे मुडपले, जसं काही शब्दालाच वास येतो. रंगानं कोपरापर्यंत लाल-निळे झालेले हात पदराला पुसत म्हणतायत. आणि बाकीचे सगळे माना हलवतायत. पुस्तकं बांधणारे, शिकलेसवरलेले. मला तर त्या मोरीपेक्षा त्या माना बघून मळमळलं.

विहंगनं कुठूनतरी एक बाई बोलावून आणली. तिनं मोरी पाहिली. मग तिनं आम्हाला एकेकाला पाहिलं, त्याच नजरेनं. "बा," ती मला म्हणाली, "आ गंदकी तमारी छे. तमेज काढो." आणि पदर नाकाला लावून निघाली. मी तिला फाटकाशी चहा पाजला. शेडमधला नाही, टपरीवरचा. तिचा अपमान कशाला करायचा?

मग काय झालं, अस्मितानं बाह्या वर केल्या आणि स्वतः साफ केली. तार घातली, हात घातला, सगळं काढलं. पाणी वाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फत्तेसिंहराव म्हणाले, "शाब्बास, मावळ्याची पोर!" आणि पुढच्या खेपेला जाऊन बघते तर खळ तिथेच, बोळे तिथेच, पिचकारी तिथेच. मी बोलले तर कमळाबाई गोड हसून म्हणतात, "अगं, अस्मिता आहे ना."

अस्मिता आहे ना! पोरगी भोवरे करायला आली होती. आता रोज गोरव्याला जायची, मोरी उपसायची आणि परत यायची. एका लाकडाला पटाशी लागली नाही. एका दुपारी घरी जेवायला बसली तर चमच्यानं भात खाते. आमच्याकडे वरणभात चमच्यानं खायची पद्धत नाही. मी विचारलं, काय गं, हाताला लागलं का? तर म्हणाली, "नाही आजी. साबणानं धुतले, लिंबानं धुतले. वास जात नाही. तोंडाजवळ हात आणवत नाही." आणि मग खाली बघून म्हणाली, "आज पुण्याला फोन केला."

 मी ठरवलं, आता आपणच काहीतरी सांगितलं पाहिजे. मला दुसरं येतं काय?

पुढच्या मीटिंगला मी लवकर जाऊन मधली खुर्ची धरली, वीट लावलेली. तोंडाला पदर लावला होता, तो काढला. हे करायला किती धैर्य लागलं ते माझं मला माहीत.

"हल्लीच्या लोकांना मोरीचा मान म्हणजे काय ते ठाऊकच नाही," मी म्हटलं, असं सहज, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"कसला मान?" फत्तेसिंहरावांचा मावा थांबला. मान हा शब्द ऐकला की या माणसाचे कान घोड्यासारखे उभे राहतात.

"अहो, जुन्या महाराजांच्या वेळचा. दसऱ्याच्या स्वारीचा. हत्तीखान्यात एक हत्तीण होती, मोतीमाला. तिला घाण वास सहन व्हायचा नाही. हत्तीखान्याची मोरी तुंबली की ती आपली सोंड आपल्याच पायाखाली दाबून उभी राहायची. हलायची नाही. महाराज वर अंबारीत बसलेले, तोफा झालेल्या, सगळं बडोदं रस्त्यावर, आणि हत्तीण ढिम्म."

"मग?" विहंगनं फोन खाली ठेवला. हे एरवी भूकंपालाही झालं नसतं.

"मग काय, नोकराचाकराला मोरीला हात लावायची परवानगी नाही. दरबारातलं जे सगळ्यांत विश्वासाचं घराणं, त्याचा कर्ता पुरुष फेटा बांधून, कमरेला शेला कसून पुढे यायचा आणि आपल्या हातांनी मोरी मोकळी करायचा. पाणी खळखळ वाहिलं की मोतीमाला सोंड सोडायची, एक पाय उचलायची, आणि मगच स्वारी निघायची. हत्तीच्या मागोमाग पहिलं घोडं कुणाचं? सरदाराचं नाही. दिवाणाचं नाही. मोरीच्या मानकऱ्याचं."

"वहिनी, हे तुम्ही पाहिलंत?" श्रीपतरावांनी चष्मा वर केला.

"पाहिलं म्हणजे काय! त्या हत्तिणीच्या पायाशी बसून मी तिला ऊस सोलून दिलेत. एकदा चुकून माझी वेणी खाल्ली तिनं, रिबिनीसकट."

"आणि मान होता कुठल्या घराण्याकडे?"

आता इथे नाव घेतलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं. मी कपाळाला हात लावला. "अगदी ओठांवर आहे बघा. वय झालं. पण मोठं घराणं होतं, आपल्या बडोद्यातलंच, एवढं नक्की."

शेडमध्ये इतकी शांतता झाली की मोरीतला बुडबुडा फुटलेला ऐकू आला. अस्मिता कोपऱ्यात उभी होती, ती माझ्याकडे बघून खालचा ओठ चावत होती. मोतीमाला हे नाव मला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सुचलं होतं. साडीचं दुकान आहे त्या नावाचं.

मला वाटलं, आता सगळे धावतील. धावलेही, पण कुठे? आपापल्या घरी. नंतरच्या मीटिंगला फत्तेसिंहराव आले ते लाल कापडात काहीतरी गुंडाळून घेऊन. खुर्चीवर रुमाल अंथरला, त्यावर ठेवलं, हलक्या हातानं उलगडलं.

"मान आमच्याकडे होता," ते म्हणाले. आवाज भरून आला होता. "पणजोबांचं मानाचं भांडं. माळ्यावर होतं. कशाचं ते कुणाला सांगता येत नव्हतं. काकीसाहेब, तुमच्यामुळे आज कळलं."

पितळेचं भांडं. खाली गोल पोट, मध्ये बारीक गळा, वर पसरट काठ. घासून घासून सोन्यासारखं केलेलं. मी एका नजरेत ओळखलं. माझ्या माहेरी आजोबांच्या पलंगाखाली असंच होतं. सकाळी आई ते श्वास धरून बाहेर न्यायची आणि आल्यावर अंघोळ करायची.

पिकदाणी होती ती!

कमळाबाईंनी तिला कपाळ टेकवलं. विहंगनं फोटो काढले. श्रीपतरावांनी काठावरून बोट फिरवलं, आत डोकावून पाहिलं. सांगू कशी? पिकदाणी म्हटलं तर मान गेला, मान गेला तर हत्तीण गेली, आणि मोरी आहे तिथेच.

"भांडं असेल," श्रीपतराव म्हणाले, "पण मान आमच्याकडे होता. आमच्या आजोबांच्या बोलण्यात मोतीमालेचा उल्लेख नेहमी यायचा. मला स्पष्ट आठवतंय."

बघा! साडीच्या दुकानातली हत्तीण त्यांच्या आजोबांना भेटून गेली. मी खोटं सांगते ते सगळ्यांना माहीत असतं, त्यात एक सभ्यपणा आहे. हे तर डोळे मिटून, गळा दाटून!

कमळाबाई म्हणाल्या, जनान्याची मोरी वेगळी असायची आणि तो मान त्यांच्या सासरी होता. झालं. मोरी कुणी साफ करत नाही म्हणून भांडत होते ते आता मोरी कुणी साफ करायची नाही म्हणून भांडायला लागले. फत्तेसिंहरावांनी मोरीशी दोरी बांधली, की निर्णय होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अस्मितालाही लावू देईनात. "तुझा हक्क नाही, बेटा." पाणी पुन्हा साठलं. चादरीची खालची कड भिजून काळी पडली. माझी युक्ती माझ्याच अंगावर उलटली होती आणि दसरा उद्यावर आला.

दसऱ्याला सकाळी सगळे हजर. पुरुषांचे फेटे, कमळाबाईंचं नऊवारी, झेंडूच्या माळा. पाटावर हत्यारांची पूजा मांडली होती: तलवार, कात्री, विहंगचा लॅपटॉप, अस्मिताची पटाशी, आणि सगळ्यांच्या मध्यभागी ती पिकदाणी, हळदकुंकू लावलेली. आणि हे सगळं घोट्याएवढ्या पाण्यात, विटांवर. फाटकात प्रतापसिंह उभा होता आणि त्याच्यामागे भंगारवाला टेम्पो घेऊन. टेम्पो चालूच ठेवला होता त्यानं.

"झालं का तुमचं?" प्रतापसिंहानं विचारलं.

तिघं अजून भांडतच होते. अस्मितानं खरादावरची चादर काढली, घडी घातली आणि आपली पटाशी पाटावरून उचलून पिशवीत टाकली. पुसूनसुद्धा घेतली नाही, हळदकुंकवासकट. ते मला बघवेना.

"भावजी," मी श्रीपतरावांवर ओरडले, "तुमच्या त्या घटनेत काही लिहिलंय की नाही याबद्दल?"

ते गडबडले. "लिहिलंय ना. वाद न मिटल्यास वयानं ज्येष्ठ सभासदाचा निर्णय... म्हणजे हक्क."

सगळ्यांनी कमळाबाईंकडे पाहिलं. कमळाबाई शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होत्या. मला कधी चिंच दिली नाही. पण त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "इश्श, मी कुठली ज्येष्ठ! मी तर इंदिराबाईंच्या मानानं केवढी लहान!"

"काकीसाहेबच!" फत्तेसिंहरावांनी मांडीवर थाप मारली. "त्यांनी स्वारी डोळ्यांनी पाहिली. हत्तिणीला ऊस घातला. त्यांच्याएवढं जुनं बडोद्यात आहे कोण?"

मी कधी जन्मले आणि स्वाऱ्या कधी बंद झाल्या, याचा हिशेब कुणी केला असता तर वाचले असते. पण गणित कुणाला हवं होतं? फत्तेसिंहरावांनी स्वतःचा फेटा उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला. आतून ओला होता, घामानं. आणि ती पिकदाणी पाणी भरून माझ्या हातात दिली.

"आजी, राहू दे, मी करते," अस्मिता म्हणाली.

"तुझा हक्क नाही, बेटा," मी म्हटलं, आणि पदर खोचला.

कोपरापर्यंत हात आत गेला. काय सांगू! कोमट होतं. वर गार आणि आत कोमट, जिवंत असल्यासारखं. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं आणि ते हललं. माझे डोळे वाहायला लागले. लोकांना वाटलं, मानाचे अश्रू. तेवढ्यात मला सुचलं.

"एक रीत सांगायची राहिली," मी वाकलेल्या अवस्थेत म्हटलं. "जे निघेल ते ज्याचं असेल त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचं. नाहीतर हत्तीण पाय उचलत नाही."

"पण इथे हत्तीण कुठाय?" विहंग म्हणाला.

"ती काय फाटकात उभी आहे," मी म्हटलं. प्रतापसिंह अंगानं आजोबांवर गेलाय.

पहिला हात बाहेर काढला. पांढऱ्या खळीचा जाड, लांब, लोंबणारा दोर. आंबलेला. "भावजी, ओंजळ." श्रीपतरावांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे बघत होते. ओंजळ पुढे आली. दोर त्यात बसला, जागा शोधत सरकणाऱ्या गांडुळासारखा. दुसरा हात: मावा-सुपारीच्या पुड्या, चोथा, लाल लगदा. "फत्तेसिंहराव." मिशा थरथरल्या, पण मान म्हणजे मान. तिसरा: रंगीत बोळे, आणि त्यांना गुंडाळलेला केसांचा गुंता, काळ्या रंगात बुडालेला. कमळाबाईंचे केस अजून इतके काळे कसे, ते मोरीला ठाऊक होतं. "इश्श, ते माझे नाहीत!" "कमळाबाई, हत्तीण बघतेय." घेतले. विहंगला प्लॅस्टिकच्या दोऱ्यांचं घरटं, त्यात उगवलेले वाटाणे, पानांसकट. त्याला उलटी आली, ती त्यानं गिळली. अस्मितानं न सांगता ओंजळ केली. तिच्या वाट्याला फुगलेला भुसा आला. आणि शेवटी माझीही वस्तू निघाली. चहाची गाळणी. ती विहंगनं पळवली म्हणून मी गल्लीभर सांगितलं होतं. मी ती गुपचूप कमरेला खोचली.

मग आत खोल कुठेतरी घुर्रर्र झालं. मोठ्या जनावरानं घसा साफ करावा तसं. पाणी आधी गोल फिरलं, मग निघालंच. जमिनीवरचे खडूचे चौकोन कधीच धुऊन गेले होते. आता खालची फरशी दिसायला लागली, सुभानरावांच्या वेळची, तेलाच्या डागांची.

फाटकात भंगारवाल्यानं नाकाला रुमाल लावला. फेटे बांधलेले लोक ओंजळीत घाण धरून ओळीनं उभे आहेत, हे त्यानं बराच वेळ पाहिलं. "साहेब," तो प्रतापसिंहाला म्हणाला, "मारो भंगार आना करतां चोख्खो छे," म्हणजे याच्यापेक्षा त्याचं भंगार स्वच्छ, आणि टेम्पो वळवून गेला.

प्रतापसिंह आत आला. फरशीवर पाऊल आपटून पाहिलं. फच्च नाही वाजलं. आम्ही खरादाखाली कोरडी गोणपाटं टाकली, अस्मितानं हात धुतले, चांगले घासून, आणि पटाशी पिशवीतून काढली. मशीन फिरलं. बाल्कनीत असायचा तसाच आवाज, पण इथे त्याला कुणी गप्प करत नव्हतं. लाकडाचा पातळ सोललेला पापुद्रा उडून प्रतापसिंहाच्या खांद्यावर पडला. तो त्यानं झटकला नाही. चावी मशीनच्या कडेला ठेवली आणि म्हणाला, "आजोबांच्या नावाचा भोवरा कर पहिला." इतकंच.

आता सगळं नीट झालं म्हणाल, तर ऐका. ओंजळी रिकाम्या करून, नळाखाली रांगेनं हात धुऊन मंडळी परत आली ती वेगळीच. फत्तेसिंहराव म्हणाले, दिवाळीचा मान मी घेणार. श्रीपतराव म्हणाले, मग तुळशीचं लग्न आमचं. कमळाबाईंनी संक्रांत धरली. विहंगनं कुठेतरी फोटो टाकला होता आणि लोक विचारत होते, आम्हाला मान मिळेल का? मोरी घासायला रांग लागली होती, घराण्यानुसार. मी म्हटलं, करा, मरा, पण घासा.

तेवढ्यात कमळाबाईंनी पेढ्यांचा पुडा फोडला. ताट कुणी आणलं नव्हतं. "थांबा," फत्तेसिंहराव म्हणाले, "मानाचं भांडं आहे ना." आणि पेढे त्या पिकदाणीत ओतले. मी त्याच भांड्यानं मोरीत पाणी घातलं होतं हे तर सोडाच. नुसतं हिसळून घेतलं होतं त्यांनी.

"काकीसाहेब, पहिला तुमचा. तुम्ही घेतल्याशिवाय कुणी घेणार नाही."

सगळे थांबले होते. अस्मितानं मशीन बंद करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात अर्धा भोवरा होता. तिला सगळं कळलं होतं, हत्तीणही आणि भांडंही, आणि ती हसू दाबून इतकी लाल झाली होती की वाटलं आता फुटेल. मी एवढंच म्हटलं असतं, "अहो, ही पिकदाणी आहे," की संपलं. दिवाळी कुणाची, संक्रांत कुणाची, सगळं मोरीत.

मी आत हात घातला. पेढा काठाला चिकटला होता. सोडवून घेतला. आईसारखा श्वास धरला आणि गिळला.

"कसा आहे?" कमळाबाईंनी विचारलं.

"मोतीमालेनं दोन मागितले असते," मी म्हटलं.